साठ म्हणजे साठच!

माझ्या रूम पार्टनरच्या काकांनी अमेरिकेहून कायमचं परत येताना विजेवर चालणारं एक जुनं घड्याळ आणलं होतं. सोबत २३० व्होल्टचे १२० करणारा ट्रान्सफॉर्मरही होता. घरी कुणालाच नको होतं, म्हणून ते आमच्या हॉस्टेलच्या टेबलावर आलं. पीएल सुरू झाली तेव्हा मोह नको म्हणून आम्ही दोघांनी मोबाईल कपाटात बंद केले आणि या घड्याळावर विसंबलो. रात्री दहाला वेळ लावली, सकाळी सहाचा गजर लावला आणि झोपलो. गजर वाजला तेव्हा बाथरूममधलं गरम पाणी केव्हाच संपलं होतं आणि मेसमध्ये पोह्यांचं पातेलं खरवडणं चालू होतं. खरी वेळ होती ७ वाजून ३६ मिनिटं!

घड्याळ बिघडलंय, असं पार्टनरचं ठाम मत. पण नंतर मोबाईलशी ताडून पाहिलं तर ते दर तासाला बरोबर दहा मिनिटं मागे पडत होतं. नऊ नाही, अकरा नाही, दहाच. बिघडलेली वस्तू इतक्या शिस्तीत चुकत नाही. मशीन्स लॅबमध्ये सरांना विचारलं, तर त्यांनी उत्तर न देता फक्त पन्नासला साठने भागायला सांगितलं. मग कुठे आमची ट्यूब पेटली. हे घड्याळ वायरीतल्या सायकल्स मोजत होतं. अमेरिकेत त्या सेकंदाला ६०, आपल्याकडे ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही.

पण वायरीतल्या सायकल्सवर घड्याळ चालवायचं, तर आधी त्या सायकल्स घड्याळासारख्या नेमक्या हव्यात ना? त्या नेमक्या केल्या कुणी? सरांनी एक नाव सांगितलं आणि मी लायब्ररीत जाऊन बसलो. ते नाव म्हणजे हेन्री एलिस वॉरन. अमेरिकेत घराघरांत पोचलेल्या विजेच्या घड्याळाचा जनक म्हणून प्रसिद्ध असलेला हा माणूस. मी स्वतः एक वर्ष गमावून पुन्हा थर्ड इयरला बसलेला विद्यार्थी आहे. त्याची गोष्ट मला इतकी का लागली, ते शेवटी सांगतो.

वॉरनचा जन्म १८७२ सालचा, बॉस्टनचा. १८९४ मध्ये तो एमआयटीतून इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाला. तेव्हा एमआयटी बॉस्टन शहरातच होती. पुढे त्याने पाण्याच्या टर्बाईनसाठी गव्हर्नर बनवणाऱ्या लोम्बार्ड कंपनीत काम केलं. टर्बाईनचा वेग कसा ढळतो आणि कसा आवरायचा, हे तो तिथे शिकला. त्याचा छंद मात्र घड्याळांचा. बॉस्टनजवळच्या ॲशलंड या छोट्या गावात त्याचं शेत होतं. तिथल्या कोठारात १९१२ साली त्याने घड्याळाची कंपनी सुरू केली.

ही पहिली घड्याळं बॅटरीवर चालणारी, लंबकाची होती. पण बॅटरी जशी उतरायची तशी घड्याळाची चाल बदलायची. मग वॉरनच्या मनात आलं, की प्रत्येक घरात वेगळी बॅटरी आणि वेगळा लंबक हवाच कशाला? भिंतीतल्या सॉकेटमध्ये वीज येतेच आहे, ती सेकंदाला ६० वेळा डोलते आहे. म्हणजे सगळ्या शहराला पुरेल असा एकच लंबक आधीपासून हलतोच आहे!

यासाठी सिंक्रोनस मोटर हवी. पण व्हायवात आपण सगळेच सांगतो, की साधी सिंक्रोनस मोटर आपणहून सुरू होत नाही. घराघरांत घड्याळाला हाताने फिरवून कोण देणार? वॉरनने पोलादाच्या पातळ चकत्यांचा इवलासा रोटर घेतला, शेडेड पोलने फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार केलं आणि पोलादातल्या हिस्टेरिसिसच्या जोरावर तो आपोआप सिंक्रोनस वेगाला नेला. मिनिटाला ३६०० फेरे! पुढे तेलाने भरलेल्या बंद डबीतले गिअर हा वेग मिनिटाला एका फेरीवर आणत. ट्रान्सफॉर्मरमध्ये आपण ज्या हिस्टेरिसिसला लॉस म्हणून नावं ठेवतो, तोच इथे कामाला आला. १९१८ मध्ये या मोटरचं पेटंट मिळालं.

मोटर झकास चालली, घड्याळं मात्र चुकीची! दिवसाला काही मिनिटं इकडे नाहीतर तिकडे. दोष मोटरचा नव्हता. दोष होता बॉस्टनच्या विजेचा.

आता कॉम्प आणि सिव्हिलवाल्यांसाठी थोडं सांगतो. जनरेटर जितक्या वेगाने फिरतो, त्यावर फ्रिक्वेन्सी ठरते. संध्याकाळी शहरात दिवे लागले की जनरेटरवर ओझं येतं, त्याचा वेग किंचित उतरतो. गव्हर्नर जास्त वाफ सोडून तो सावरतो, पण पूर्ण मूळ जागी आणत नाही, थोडा खालीच ठेवतो. उरलेलं काम ऑपरेटरचं. तो मीटरकडे बघून गव्हर्नरची सेटिंग हलवणार. पण मीटरच जर थोडा चुकत असेल तर? समजा मीटर ६० दाखवतोय आणि खरी फ्रिक्वेन्सी आहे ५९.७. फरक अर्ध्या टक्क्याचा. दिव्याला कळत नाही, पंख्याला कळत नाही. पण घड्याळ दिवसभरात ७ मिनिटं १२ सेकंद मागे पडतं! मीटर फक्त या क्षणाची चूक दाखवतो. घड्याळ कालपासूनच्या सगळ्या चुकांची बेरीज दाखवतं. कंट्रोल सिस्टिम्समध्ये आपण ज्याला इंटिग्रल ॲक्शन म्हणतो आणि सूत्र पाठ करून सोडून देतो, ते हेच.

आता विचार करा. कोठारात घड्याळं बनवणारा एक माणूस, आणि समोर अख्ख्या बॉस्टनला वीज देणारी एडिसन कंपनी. तुमचे साठ हे साठ नाहीत, हे तिला पटवायचं कसं? वॉरनने वाद घालण्यापेक्षा एक यंत्रच बनवलं. त्याचं नाव मास्टर क्लॉक. एकाच तबकडीवर दोन काटे. एक काळा, अचूक लंबकाच्या घड्याळावर चालणारा. दुसरा सोनेरी, कंपनीच्याच विजेवर सिंक्रोनस मोटरने चालणारा. दोन्ही एकावर एक असतील तर सगळं ठीक. सोनेरी मागे पडला तर जनरेटरचा वेग थोडा वाढवा, पुढे गेला तर थोडा कमी करा. ऑपरेटरने फक्त दोन काटे जुळवत राहायचं. २३ ऑक्टोबर १९१६ रोजी हे घड्याळ बॉस्टनच्या एल स्ट्रीट पॉवर स्टेशनमध्ये बसलं. त्या दिवसापासून शहराची वीज शहराची वेळ सांगू लागली.

पुढच्या वर्षी जनरल इलेक्ट्रिकने वॉरनच्या कंपनीत हिस्सा घेतला. टेलिक्रॉन या नावाने त्याची घड्याळं घराघरांत गेली. नावाचा ग्रीक अर्थ, दुरून येणारी वेळ. पण माझ्या मते खरी कमाई वेगळीच झाली. त्या काळी वीज केंद्रं सुटी सुटी होती, ज्याची त्याची फ्रिक्वेन्सी थोडी वेगळी. दोन केंद्रं जोडायची तर फ्रिक्वेन्सी जुळलीच पाहिजे, नाहीतर काय होतं ते सिंक्रोनायझेशनचं प्रॅक्टिकल केलेल्यांना माहीत आहे. खऱ्या वेळेला बांधलेल्या मास्टर क्लॉकमुळे निरनिराळी केंद्रं एकाच नेमक्या साठावर येऊ लागली आणि त्यांना एकमेकांशी जोडणं सोपं झालं. हळूहळू अमेरिकेतल्या बहुतेक वीज कंपन्यांत वॉरनची मास्टर क्लॉक बसली.

वॉरनची आणखी एक गोष्ट मला फार आवडली. आपोआप सुरू होणाऱ्या मोटरचा एक धोका असतो. रात्री वीज गेली आणि आली, तर घड्याळ गुपचूप पुन्हा चालू लागणार आणि सकाळी खुशाल चुकीची वेळ दाखवणार. म्हणून तबकडीवर एक छोटी खिडकी ठेवली. वीज एकदा जरी खंडित झाली तरी तिथे लाल ठिपका येई आणि कुणी वेळ पुन्हा लावेपर्यंत तो जात नसे. आपल्याच मालाची चूक गिऱ्हाइकाला दिसावी, याची सोय स्वतः कारखानदाराने केली!

१९५७ मध्ये वॉरन गेला. त्याच्या नावावर शंभराहून जास्त पेटंटं होती. ॲशलंडच्या हायस्कूलच्या खेळाडूंना आजही क्लॉकर्स म्हणतात. पुढे क्वार्ट्झ आलं आणि त्याची घड्याळं मागे पडली, पण कल्पना जिवंत आहे. २०१८ च्या जानेवारी ते मार्चमध्ये सर्बिया आणि कोसोवो यांच्या भांडणात युरोपच्या ग्रिडला वीज कमी पडत राहिली. सरासरी फ्रिक्वेन्सी ५० ऐवजी ४९.९९६ झाली. फरक इतका बारीक, पण २५ देशांतली ओव्हनवरची आणि गजराची घड्याळं जवळजवळ सहा मिनिटं मागे पडली. मग फ्रिक्वेन्सी मुद्दाम ५०.०१ ठेवून ती वेळ भरून काढावी लागली. म्हणजे शंभर वर्षांनीही काटे जुळवणंच!

आपल्याकडे ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर लाईनने दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाला जोडलं गेलं. तेव्हापासून आपल्या हॉस्टेलचा पंखा, काश्मीरमधला पंप आणि कन्याकुमारीची गिरणी एकाच फ्रिक्वेन्सीवर फिरतात. एकाने जास्त ओढलं की सगळेच किंचित हळू होतात. ती ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात राहावी म्हणून रात्रंदिवस कुणीतरी जागं असतं. पुढच्या वेळी मेसमध्ये लाईट गेली म्हणून आरडाओरडा करताना हे जरूर आठवा.

आता माझं. माझं वर्ष एका दिवसात गेलं नाही. एक जर्नल पुढच्या आठवड्यावर, एक लेक्चर झोपेत, एक असाइनमेंट दुसऱ्याची बघून. प्रत्येक दिवशी माझा मीटर ६० च दाखवत होता. बेरीज दिसली ती थेट रिझल्टच्या दिवशी, आणि बाबांना फोन करताना तोंडातून शब्द फुटेना. ते रागावले असते तरी बरं झालं असतं. ते फक्त जेवलास का, एवढंच विचारून गप्प झाले.

आता रूमच्या दारामागे एक कागद चिकटवलाय. दोन रकाने, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं. दर रविवारी रात्री दोन काटे जुळवतो. अजून सोनेरी काटा मागेच आहे, पण किती मागे आहे ते तरी रोज दिसतं. पार्टनरचं अमेरिकन घड्याळ आम्ही टाकून दिलेलं नाही. ते अजूनही तासाला दहा मिनिटं मागे पडतं, अगदी प्रामाणिकपणे!