पक्षिमित्र डॉ. सालिम अली

डॉ. सालिम अली यांचा जन्म मुंबईस १२ नोव्हेंबर १८९६ रोजी झाला. बालवयातच आईवडिलांचे छत्र हरपले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी या पोरक्या भाच्याला भावंडांसह मायेने वाढविले. बालपणी टिपलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीने त्यांना पक्ष्यांचा लळा लावला. रानावनांत पत्नी तेहमिना बेगम यांची साथ लाभली. १९३९ साली त्या पैगंबरवासी झाल्या, तेव्हा बहीण-मेहुण्यांनी त्यांना आपल्या घरी आधार दिला. पुढे मित्र डिलन रिप्ले यांच्यासह दहा खंडांचा पक्षिग्रंथ सिद्ध झाला. १९८७ साली ते निवर्तले. विद्यार्थी मित्रहो, या थोर अभ्यासकाच्या यशात बहीण, मामा व मित्र यांचाही वाटा होता. आपल्या भावंडांना अंतर देऊ नका.