पाचगणीचा फारुख, 'क्वीन'चा फ्रेडी

रॉकसंगीताला ऑपेराची भव्यता देणारा 'क्वीन'चा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या सांगीतिक प्रवासाचा आरंभ पाचगणीत झाला. फारुख बलसारा हे त्याचे मूळ नाव. ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमधील पारशी कुटुंबात जन्मलेल्या फारुखला बालवयातच शिक्षणासाठी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडण्यात आले. तेथे तो पियानो शिकला, मित्रांसह 'द हेक्टिक्स' हा वाद्यवृंद काढला आणि फ्रेडी हे नावही त्याला तेथेच मिळाले.

१९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. पण पुढच्याच वर्षी तेथे क्रांती झाली आणि बलसारा कुटुंबाला इंग्लंड गाठावे लागले. लंडनमध्ये त्याने ग्राफिक कलेचे शिक्षण घेतले. १९७० मध्ये गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांच्यासह त्याने 'क्वीन'ची स्थापना केली. वर्षभराने जॉन डीकन त्यांना येऊन मिळाला. बँडचे बोधचिन्हही फ्रेडीनेच रेखाटले.

१९७५ मधील 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे त्याच्या प्रतिभेचे शिखर. सुमारे सहा मिनिटांच्या या गीताला ध्रुवपद नाही. संथ गीत, ऑपेरा आणि दणदणीत रॉक असे त्याचे टप्पे आहेत. तिघांचेच आवाज एकावर एक ध्वनिमुद्रित करून त्यात समूहगानाचा आभास निर्माण केला गेला. इतके लांबलचक गीत रेडिओवर वाजणार नाही, ही भीती फोल ठरली. ब्रिटनमध्ये ते नऊ आठवडे अग्रस्थानी राहिले. १३ जुलै १९८५ रोजी वेम्ब्ली स्टेडियमवर 'लाइव्ह एड'मध्ये अवघ्या वीसेक मिनिटांत त्याने अफाट जनसमुदायाला जिंकले.

१९८७ मध्ये एड्सचे निदान झाले. वृत्तपत्रांचा ससेमिरा सुरू असतानाही त्याने आजार गुप्त ठेवला. मात्र गाणे थांबवले नाही. शक्ती ओसरत असताना स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे ध्वनिमुद्रित झालेली त्याची अखेरची गीते १९९५ मध्ये 'मेड इन हेवन'मधून प्रसिद्ध झाली. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आजाराची जाहीर कबुली दिली आणि दुसऱ्याच दिवशी, वयाच्या ४५ व्या वर्षी, त्याचे निधन झाले. ही कबुली आधी दिली असती तर रुग्णांना बळ मिळाले असते, असाही सूर तेव्हा उमटला. मात्र, एड्सग्रस्तांकडे तिरस्काराने पाहिले जाण्याचा तो काळ होता. पुढे सहकाऱ्यांनी त्याच्या स्मरणार्थ 'मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट' स्थापून एड्सविरोधी कार्याला मदत सुरू केली. त्याचे अंत्यसंस्कार मात्र झाले ते झरथुष्ट्री परंपरेनुसार.