शंकर बाळकृष्ण दीक्षित : एका शिक्षकाचे ज्योतिर्गणित

कस्तुरबा गांधी मार्गावरून निघालेल्या आपल्या सहलींत मेहरौलीचा लोहस्तंभ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना एका मराठी शिक्षकाची ओळख करून द्यावीशी वाटते. त्या स्तंभावरील लेख फ्लीट या इंग्रज अधिकाऱ्याने गुप्तकालीन लेखांच्या आपल्या संग्रहात १८८८ साली छापला. गुप्त संवताचा आरंभ कधीचा, हा जुना वाद त्याच ग्रंथाने इ. स. ३१९-२० असा निर्णय देऊन मिटविला. त्यासाठी लागणारी गणिते शंकर बाळकृष्ण दीक्षित यांची होती.

दीक्षितांचा जन्म १८५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूड येथे झाला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात ते शिक्षक झाले व मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. अध्यापनातून उरलेल्या वेळात त्यांनी सिद्धान्तग्रंथ आणि पंचांगे अभ्यासिली.

त्यांच्या पद्धतीचा एक नमुना पाहावा. मध्य प्रदेशातील एरण येथील स्तंभलेखात गुप्त वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असा उल्लेख आहे. संवताचा आरंभ चुकीचा धरला, तर तिथी आणि वार जुळत नाहीत. ३१९-२० धरले की २१ जून ४८४ हा दिवस येतो, आणि तो गुरुवारच असतो. आकडेमोडीची यंत्रे सर्रास नसलेल्या काळात असे एकेक गणित हाताने करावयाचे, हे किती चिकाटीचे काम असेल, याची कल्पना गणिताच्या शिक्षकांना सहज येईल.

१८९६ साली रॉबर्ट स्यूएल यांच्यासह लिहिलेला भारतीय कालगणनेवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा त्यांचा मराठी ग्रंथही. फ्लीट व स्यूएल दोघेही सरकारी नोकर. म्हणजे विद्यापीठाच्या उंबरठ्याबाहेरच ही मंडळी परस्परांना आपले निष्कर्ष कळवीत होती. इंग्रजीतून लिहू शकणाऱ्या दीक्षितांनी आपला सर्वांत मोठा ग्रंथ मराठीतच लिहिला, हा निर्णय मला त्यांच्या गणितांइतकाच मोलाचा वाटतो. त्याची किंमतही पडली.

१८९८ साली, वयाची पंचेचाळीस वर्षे पुरी होण्याआधीच, ते निवर्तले. भारत सरकारने त्या ग्रंथाच्या इंग्रजी अनुवादाचा पहिला भाग १९६९ साली व दुसरा १९८१ साली प्रसिद्ध केला. तोवर केवळ इंग्रजी जाणणाऱ्या अभ्यासकाला तो ग्रंथ सहज वाचता येत नसे.