निरोपाचे तीन इशारे

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर घटना समितीत अखेरच्या चर्चेला उत्तर देण्यास उभे राहिले, तेव्हा परभणी जिल्ह्याला निजामी राजवटीतून मुक्त होऊन अवघे चौदा महिने झाले होते. १८९१ साली महू येथे सुभेदाराच्या घरी जन्मलेला, शाळेत अस्पृश्य म्हणून वेगळा बसविला गेलेला आणि पुढे कोलंबिया व लंडन येथे उच्च पदव्या मिळविलेला हा पुरुष मसुदा समितीच्या कामाचा निरोप घेत होता. दोन वर्षे अकरा महिने सतरा दिवसांचे कार्य सिद्धीस गेले होते. प्रसंग कृतार्थतेचा होता. बाबासाहेबांनी मात्र देशाला सावध केले.

सनदशीर मार्ग खुले असताना रक्तपाताचा व कायदेभंगाचा मार्ग सोडावा, हा पहिला इशारा. कितीही थोर पुरुष असला तरी त्याच्या चरणी आपले स्वातंत्र्य वाहू नये, हा दुसरा. धर्मातील भक्ती मोक्षाकडे नेईल, पण राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडेच नेईल, असे त्यांनी बजावले. राजकीय समतेला सामाजिक व आर्थिक समतेची जोड मिळाली नाही, तर विषमतेने पोळलेले लोकच ही लोकशाही उधळून लावतील, हा तिसरा.

हे केवळ उपदेश नव्हते. हिंदू कोड बिल रखडले तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी कायदेमंत्रिपद सोडले. १९५२ च्या निवडणुकीत ते मुंबईत पराभूत झाले, पुढे राज्यसभेत गेले आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी निवर्तले. वडिलोपार्जित संपत्तीत मुलीला जन्मतः मुलाइतका वाटा मिळण्यास २००५ साल उजाडावे लागले.

डिसेंबर २०२४ मध्ये परभणी रेल्वे स्थानकाजवळ त्यांच्याच पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. पाठोपाठ शहरात जाळपोळ झाली, धरपकड झाली आणि अटकेतील एका कायद्याच्या विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. पहिला इशारा जमावाला जितका लागू आहे तितकाच शासनालाही आहे. सनदशीर मार्गावर न्याय मिळतो असा अनुभव आला, तरच लोक त्या मार्गाने चालतील.

दुसरा इशारा पचविणे आपल्याला अधिक अवघड आहे. गंगाखेडच्या जनाबाईंचा हा जिल्हा. भक्ती आपल्या रक्तात आहे. ती विठ्ठलापाशी शोभते, पुढाऱ्यापाशी नव्हे. स्वतः बाबासाहेबांनाही मखरात बसवून त्यांचे ग्रंथ न वाचणे, ही त्यांच्या इशाऱ्याचीच अवज्ञा होय.

शिक्षक वर्गात संविधानाची उद्देशिका म्हणवून घेतात, ते योग्यच आहे. परंतु प्रश्न विचारणारा विद्यार्थी उद्धट ठरू नये आणि कचेरीत अर्ज घेऊन आलेल्या शेतमजुराला दाराशी ताटकळत ठेवले जाऊ नये. तिसऱ्या इशाऱ्याचे पालन तेथूनच सुरू होते.