स्कुतारीची परिचारिका

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव उच्चारले की हाती दिवा घेऊन रुग्णांच्या रांगांमधून फिरणारी एक सडपातळ स्त्री आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. हे चित्र खोटे नाही. तिची रात्रीची फेरी केव्हा येते, याची वाट पाहत जखमी शिपाई जागे राहत असत. परंतु ज्या हातात रात्री दिवा असे, ते हात दिवसभर कशात गुंतलेले असत, हे त्या चित्रावरून कळत नाही. दिवसा ते हात चादरी मोजत, साबणाचा व कपड्यांचा हिशेब लिहीत आणि तुंबलेली मोरी कोणी साफ करावयाची याचा पाठपुरावा करीत. ही हकीकत मुख्यतः त्या दिवसाच्या कामाची आहे.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स नगरात झाला आणि त्या नगरावरूनच तिचे नाव ठेवण्यात आले. घराणे इंग्लंडमधील, मोठे श्रीमंत. वडील विद्याव्यासंगी होते. त्यांनी आपल्या दोन्ही मुलींना ग्रीक, लॅटिन, इतिहास असे विषय स्वतः शिकविले. फ्लॉरेन्सला गणिताची विशेष गोडी होती. आकड्यांचे कोष्टक पुढे असले की तिचे मन प्रसन्न होई, आणि ही आवड तिला पुढे कशी उपयोगी पडली ते आपण पाहणारच आहोत.

रुग्णांची सेवा हेच आपले जीवितकार्य, असे तिच्या मनाने तरुणपणीच घेतले. परंतु त्या काळी इंग्लंडमध्ये परिचारिकेचा धंदा अत्यंत हलका समजला जाई. मद्यपी, अडाणी, दुसरीकडे कोठे काम न मिळालेल्या बायका रुग्णालयांत चाकरीला राहत. अशा ठिकाणी आपली मुलगी जाणार, या कल्पनेनेच तिची आई व बहीण हवालदिल झाल्या. कित्येक वर्षे हा झगडा घरात चालला. अखेर १८५१ साली जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठी कैझरस्वर्थ येथील संस्थेत सुमारे तीन महिने राहून शिकण्याची परवानगी तिने मिळविली, आणि १८५३ साली लंडनमधील हार्ले स्ट्रीटवरच्या एका लहान रुग्णालयाची ती व्यवस्थापिका झाली.

येथेच तिच्या बुद्धीची खरी ठेवण प्रथम दिसली. परिचारिका दिवसभर जिने चढउतार करून थकून जातात आणि मग रुग्णाकडे पाहण्यास त्यांना बळ उरत नाही, हे तिने ताडले. म्हणून गरम पाणी नळाने प्रत्येक मजल्यावर पोचावे, जेवण वर नेण्यासाठी पाळणा असावा, आणि कोणत्या रुग्णाने घंटा वाजविली हे परिचारिकेला चटकन दिसावे, अशी योजना तिने पुढे मांडली. सेवाभाव मोठा खराच. पण सेवा करणाऱ्याचे पाय विनाकारण झिजत असतील तर तो भाव किती दिवस टिकणार?

१८५४ साली क्रिमियाचे युद्ध पेटले. इंग्लंड, फ्रान्स व तुर्कस्तान एका बाजूला आणि रशिया दुसऱ्या बाजूला. काळ्या समुद्रापलीकडून जखमी व आजारी इंग्रज शिपाई जहाजांत भरून कॉन्स्टँटिनोपलसमोरील स्कुतारी येथे आणले जात. आज तो भाग इस्तंबूल शहरातील उस्कुदार या नावाने ओळखला जातो. तेथील शिपायांची दैना लंडनच्या वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होताच लोकांत संताप उसळला. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट फ्लॉरेन्सला चांगले ओळखत होते. त्यांच्या विनंतीवरून अडतीस परिचारिकांची तुकडी घेऊन ती २१ ऑक्टोबर रोजी निघाली व ४ नोव्हेंबर १८५४ रोजी स्कुतारीला पोचली.

ते रुग्णालय म्हणजे तुर्की फौजेची एक प्रचंड चौकोनी बराक होती. लांबच लांब ओवऱ्यांतून रुग्णांच्या दुहेरी रांगा लागलेल्या. त्या सर्व रांगा एकापुढे एक जोडल्या तर चार मैल भरतील असे म्हणत. इमारतीच्या पोटात तुंबलेली गटारे होती व त्यांची दुर्गंधी वर येई. हात धुण्यास पात्र नाही, साबण नाही, पुसण्यास पंचा नाही. फरशी कुजलेली आणि उंदरांचा सुळसुळाट. रक्ताने भरलेल्या कपड्यांतच शिपाई दिवसचे दिवस पडून राहत.

याचे कारण कोणा एकाचा दुष्टपणा नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. डॉक्टर मंडळी अहोरात्र खपत होती. सामान पुरविणारे खाते वेगळे, अन्नधान्याचे खाते वेगळे, इमारतीच्या दुरुस्तीचे खाते आणखी वेगळे. झाडलोट व रुग्णांची उठबस यांसाठी जे शिपाई नेमलेले, ते स्वतःच आजारातून उठलेले असत आणि जरा बरे झाले की पलटणीत परत जात. त्यामुळे आज काम करणारा उद्या तेथे नसे. प्रत्येकाच्या दृष्टीने घाण होती ती दुसऱ्याच्या हद्दीत!

फ्लॉरेन्सने आल्याबरोबर अधिकार गाजविण्यास सुरुवात केली असती तर सारेच बिनसले असते. परक्या बायकांची लुडबूड सैन्याच्या डॉक्टरांना नकोशी होती. तेव्हा डॉक्टरांनी बोलाविल्याखेरीज एकाही परिचारिकेने रुग्णाजवळ जावयाचे नाही, असा तिने सक्त नियम केला. समोर माणसे कण्हत असता हात बांधून बसणे त्या परिचारिकांना किती जड गेले असेल! त्या जुने कापड निवडीत व पट्ट्या शिवीत बसल्या. थोड्याच दिवसांत इंकरमनच्या लढाईतील जखमींचा लोंढा आला आणि डॉक्टरांनी आपण होऊन तिला मदतीस हाक मारली.

तिची पहिली मागणी औषधांची नव्हती. फरशा घासण्यासाठी दोनशे ब्रश आणि पुसण्यासाठी गोणपाट, एवढेच तिने मागितले. रुग्णालयाबाहेर एक घर भाड्याने घेऊन तेथे पाणी तापविण्याची मोठी भांडी बसविली, आणि छावणीमागे हालअपेष्टा सोशीत राहिलेल्या शिपायांच्या बायकांना कपडे धुण्याचे काम दिले. शिपायांना स्वच्छ सदरा मिळाला आणि त्या बायकांना पोटापुरते पैसे मिळाले. स्वयंपाकघरातही असाच गोंधळ होता. मांसाच्या तुकड्याला ओळखीसाठी चिंधी किंवा खिळा बांधून सर्वांचे तुकडे एकाच हंड्यात टाकीत. मग कोणाच्या वाट्याला शिजलेले तर कोणाच्या वाट्याला अगदी कच्चे येई. त्याच हंड्यांत पुढे चहा उकळीत. अतिशय आजारी माणसांसाठी पथ्याचे अन्न करण्याकरिता तिने वेगळ्या चुली मांडल्या.

रुग्णशाळांतील शौचाच्या टोपांची हकीकत मात्र सविस्तर सांगितली पाहिजे. नळ फुटून शौचकूप निकामी झाले होते, म्हणून प्रत्येक दालनात मोठाले लाकडी टोप ठेवलेले असत. ते उपसून आणणे हे नेमलेल्या शिपायांचे काम; परंतु त्या किळसवाण्या कामाला कोणी हात लावीना, आणि टोप भरून वाहू लागले तरी तसेच राहत. फ्लॉरेन्सने कोणावर आवाज चढविला नाही, कोणाची तक्रार वर नेली नाही. ती त्या टोपाशेजारी जाऊन स्वस्थ उभी राही. केव्हा केव्हा तर तासभर! ती बोलत नसे आणि हलतही नसे. अखेर शिपाई ओशाळून पुढे येत आणि टोप उचलून नेत. मग ती दुसऱ्या टोपाशी जाई. हे काम तिने स्वतः किंवा आपल्या परिचारिकांकडून करून घेतले असते तर ते लवकर उरकले असते, यात शंका नाही. परंतु मग ते रोज त्यांनाच करावे लागले असते. ज्याचे काम त्यानेच करावे आणि ते रोज व्हावे, यासाठी ती उभी राहत असे. वर्गात फळा पुसण्याची पाळी विसरलेल्या मुलाऐवजी स्वतः फळा पुसून टाकणारे प्रेमळ गुरुजी आपण पाहतो. फ्लॉरेन्सची रीत त्याहून कठीण होती.

आणि तरीही माणसे मरतच होती. हिवाळा वाढला तसे अतिसार, विषमज्वर व पटकी यांनी थैमान घातले. १८५५ च्या फेब्रुवारीत तेथील मृत्यूंचे प्रमाण शेकडा बेचाळीसवर गेले. वरची फरशी घासून स्वच्छ झाली होती. खालची गटारे जशीच्या तशी होती. मार्च महिन्यात सरकारने पाठविलेले आरोग्य-मंडळ येऊन दाखल झाले. डॉक्टर सदरलँड व अभियंता रॉलिन्सन हे त्यात प्रमुख होते. रुग्णालयाला ज्या पाटाने पाणी येत होते त्यात एक मेलेला घोडा सापडला! पहिल्या पंधरवड्यातच केरकचऱ्याच्या पाचशेहून अधिक हातगाड्या व टोपल्या बाहेर काढाव्या लागल्या. गटारे धुऊन काढली, भिंतींना चुना दिला, हवा खेळती केली. जूनमध्ये मृत्यूंचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास उतरले.

फ्लॉरेन्स स्वतः क्रिमियात तापाने मरता मरता वाचली आणि १८५६ च्या ऑगस्टमध्ये मायदेशी परतली. देशभर तिचा जयजयकार चालला होता. परंतु तिने स्वागतसमारंभ चुकविले. तिला सतावीत होते ते मृतांचे आकडे. विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या साहाय्याने तिने १८५७ साली ते तपासले, तेव्हा एक भयंकर गोष्ट उघडी पडली. सर्व रुग्णालयांत अधिक माणसे दगावली होती ती स्कुतारीत, म्हणजे तिच्याच रुग्णालयात. युद्धात शत्रूच्या हातून मेले त्यांच्या कितीतरी पट शिपाई रोगांनी मेले होते, आणि त्यांतील फार मोठी संख्या टाळता येण्याजोगी होती. उपासमार आणि थंडी यांनी माणसे मेली, अशी तिची तोवर समजूत होती. आकडे गटारांकडे बोट दाखवीत होते. दुसऱ्या एखाद्याने ते कागद मिटून ठेवले असते आणि मिळालेल्या कीर्तीत समाधान मानले असते. फ्लॉरेन्सने त्या आकड्यांची रंगीत वर्तुळाकार चित्रे काढून ती राज्यकर्त्यांपुढे ठेवली, म्हणजे कोष्टके वाचण्याचा कंटाळा करणाऱ्यालाही ती नजरेआड करता येऊ नयेत.

रोगजंतूंचे शास्त्र तेव्हा अजून प्रस्थापित व्हावयाचे होते. कुजट हवेमुळे रोग होतात असे फ्लॉरेन्स मानीत असे, आणि ते मत पुढे टिकले नाही. तथापि शुद्ध पाणी, वाहती गटारे, मोकळी हवा आणि स्वच्छ हात हे तिने सांगितलेले उपाय टिकले.

प्रकृती ढासळल्यामुळे तिचे पुढील आयुष्य बहुतेक खोलीत बिछान्यावरच गेले. पण लेखणी थांबली नाही. १८६० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या शुश्रूषेवरील छोट्या पुस्तकात तिने एक प्रकरण किरकोळ भासणाऱ्या व्यवस्थेवर लिहिले आहे, आणि माझ्या मते साऱ्या पुस्तकात तेच अधिक मोलाचे आहे. आपण समोर असताना जे होते ते आपण नसतानाही कसे होईल, हा त्यातील प्रश्न. प्रमुखाने सगळे स्वतः करीत सुटणे म्हणजे जबाबदारी घेणे नव्हे. आणि माणसे नेमून निश्चिंत होणे म्हणजेही नव्हे. नेमलेले प्रत्येक काम नेमलेल्या माणसाकडून नित्य होत आहे की नाही हे पाहणे, याला ती जबाबदारी म्हणते. स्कुतारीच्या त्या टोपाशेजारी उभी राहून ती काय करीत होती, ते येथे उमगते.

लोकांनी तिच्या गौरवार्थ सुमारे ४५,००० पौंडांचा निधी जमविला होता. त्यातून १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली. तेथे प्रत्येक विद्यार्थिनीचा दरमहा तक्ता भरला जाई. मलमपट्टी येते की नाही एवढेच त्यात लिहीत नसत. वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, अंगाची व कपड्यांची टापटीप आणि रुग्णशाळेची व्यवस्था यांचीही नोंद होई. या शाळेत तयार झालेल्या परिचारिका दूरदूरच्या देशांत गेल्या, आणि ज्या धंद्याला तिच्या आईने नाक मुरडले होते, त्यात कुलीन घरच्या मुली मानाने येऊ लागल्या.

हिंदुस्थानात ती कधीच आली नाही. परंतु येथील छावण्यांतील आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ साली नेमलेल्या मंडळाचे मोठे काम तिनेच केले. ठिकठिकाणच्या छावण्यांकडे प्रश्नपत्रिका पाठवून आलेली कागदांची गाठोडी तिने वाचून काढली. गोऱ्या फौजेतील मृत्यूंचे प्रमाण वर्षाला हजारी ६९ होते, ते १८ वर आले, असे तिने १८७३ साली दाखवून दिले. पुढे तिचे लक्ष छावण्यांकडून खेड्यांकडे वळले. गावची विहीर, गावचा उकिरडा, कालव्याचे पाणी या विषयांवर ती हिंदी पुढाऱ्यांना पत्रे लिही. दादाभाई नवरोजींशी आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार होता.

१९०७ साली राजाने तिला ऑर्डर ऑफ मेरिट हा बहुमान दिला. तो मिळविणारी ती पहिली स्त्री. तोवर तिची दृष्टी गेली होती. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी, तिचे देहावसान झाले. राष्ट्रातील थोर पुरुषांना जेथे पुरतात त्या वेस्टमिन्स्टर ॲबेत तिला जागा देऊ करण्यात आली होती. तिच्या आप्तांनी ती नाकारली. हँपशरमधील ईस्ट वेलो या खेड्यात, आईवडिलांच्या शेजारी, तिला पुरण्यात आले. शवपेटी सैन्यातील हवालदारांनी खांद्यावरून नेली. थडग्याच्या दगडावर तिच्या नावाची दोन आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूच्या तारखा कोरलेल्या आहेत.