फादर स्टीफन्स : जन्मभूमी आणि भाषाभूमी

माणूस एखाद्या भूमीचा कशाने ठरतो, जन्माने, वास्तव्याने की भाषेने, या प्रश्नाच्या संदर्भात फादर थॉमस स्टीफन्स यांचे चरित्र विचारात घेण्याजोगे आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात त्यांचा जन्म झाला. 1575 मध्ये रोम येथे ते जेझुइट संघात दाखल झाले व ऑक्टोबर 1579 मध्ये गोव्यास पोहोचले. 1619 मधील निधनापर्यंत, म्हणजे सुमारे चाळीस वर्षे, त्यांचे वास्तव्य गोव्यातच, मुख्यतः साष्टी प्रांतात, झाले.

साष्टीतील देवालये 1567 मध्येच उद्ध्वस्त करण्यात आली होती. धर्मांतरितांची जुनी पुराणे सुटली. त्यांची जागा घेणारे काही नव्हते. ही उणीव ओळखून स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण रचले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ 1616 मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत मुद्रित झाला. कथा बायबलातील असली, तरी छंद ओवीचा आहे, आणि स्वर्गासाठी वैकुंठ हाच शब्द योजला आहे. कोकणीचे व्याकरणही त्यांनी सिद्ध केले. ते 1640 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले.

तथापि, येथे एक विसंगती नजरेआड करता येत नाही. ज्या सत्तेच्या आश्रयाने स्टीफन्स यांचे धर्मकार्य चालले, तिनेच भूमिपुत्रांना स्वतःच्या गावात परके केले. अनेकांनी देव घेऊन गोव्याची सीमा ओलांडली. पुढे ख्रिस्ती कुटुंबांनीही कारवार-मंगळूरकडे स्थलांतर केले. 1684 च्या फर्मानाने तर स्थानिक भाषेच्या वापरावरच बंदी घातली. अशा प्रतिकूल काळात ख्रिस्तपुराण टिकले ते प्रामुख्याने हस्तलिखितांच्या आधारे. 1616 च्या आवृत्तीची एकही प्रत आज ज्ञात नाही. मंगळूर परिसरातील स्थलांतरितांनी जपलेल्या हस्तलिखितांमुळेच 1907 मध्ये तेथे ग्रंथाची नवी आवृत्ती निघू शकली.

जन्माने परका असलेल्या कवीचे काव्य, गाव सुटलेल्या भूमिपुत्रांनी आपला वारसा म्हणून सांभाळले. स्टीफन्स यांनी मराठी आत्मसात केली, यामुळे ते या भाषेचे झाले. परंतु त्या आपलेपणावर अखेरची मान्यतेची मोहोर उमटविली ती या वाचकांनीच. तो अधिकार त्यांना राज्यसत्तेने दिलेला नव्हता.