उन्हाचा हिशेब मांडणारे लँग्ली

सॅम्युएल पियरपॉन्ट लँग्ली यांचे नाव विमानाच्या इतिहासात येते ते एका अपयशाच्या संदर्भात. राइट बंधूंच्या यशस्वी उड्डाणाआधी अवघे नऊ दिवस ज्यांचे यंत्र नदीत कोसळले, ते लँग्ली, एवढीच त्यांची ओळख बहुतेकांना असते. विज्ञानावरचे त्यांचे ऋण मात्र वेगळेच आहे. सूर्याकडून निघालेल्या उन्हापैकी जमिनीपर्यंत किती पोहोचते आणि वाटेतली हवा किती अडवते, याचा हिशेब रंगागणिक मांडण्याची रीत त्यांनी घालून दिली.

२२ ऑगस्ट १८३४ रोजी अमेरिकेत बोस्टनजवळच्या रॉक्सबरी येथे त्यांचा जन्म झाला. महाविद्यालयाची पायरी ते कधीच चढले नाहीत. तरुणपणी शिकागो आणि सेंट लुईस येथे त्यांनी अभियंता व वास्तुरचनाकार म्हणून काम केले. खगोलशास्त्राचा अभ्यास ग्रंथालयांतून आणि भावाच्या साथीने घरी बनवलेल्या दुर्बिणीतून झाला. एवढ्या शिदोरीवर १८६७ मध्ये ते पिट्सबर्गजवळच्या ॲलेघेनी वेधशाळेचे संचालक झाले. वेधशाळेकडे पैसा नव्हता. लँग्ली यांनी ताऱ्यांच्या वेधांवरून अचूक वेळ काढून ती तारायंत्राद्वारे रेल्वे कंपनीला विकण्याची योजना आखली आणि त्या उत्पन्नावर संशोधन उभे केले.

त्यांचा विषय होता सूर्य. सूर्य किती उष्णता देतो, हा प्रश्न वरवर सोपा; परंतु मोजणारा माणूस हवेच्या तळाशी बसलेला असतो. फ्रान्सच्या पुइये यांनी १८३८ मध्ये एक उत्तर दिले होते. सूर्य डोक्यावर असताना किरणांना हवेचा कमीत कमी थर ओलांडावा लागतो. तो क्षितिजापासून ३० अंशांवर असताना हा प्रवास सुमारे दुप्पट होतो. दिवसभर ऊन मोजत जावे, हवेतील अंतर वाढेल तसे ते किती घटते हे पाहावे आणि त्यावरून अंतर शून्य झाल्यास, म्हणजे हवाच नसल्यास, ऊन किती असेल ते काढावे, अशी ही पद्धत.

त्यातील खोट लँग्ली यांनी हेरली. हवा सर्व किरणांना सारखे वागवत नाही. निळा प्रकाश ती जास्त विखुरते, तांबडा कमी. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचे काही पट्टे बाष्प जवळजवळ संपूर्ण शोषून घेते, तर शेजारचे पट्टे सहज पार होतात. अशा स्थितीत सगळ्या उन्हाची एकत्र सरासरी काढली, तर हवेने वाटेतच संपवलेले किरण हिशेबात येत नाहीत. म्हणून वर्णपटाचा एकेक तुकडा स्वतंत्रपणे मोजायला हवा होता. इतकी सूक्ष्म उष्णता टिपणारे साधन तेव्हा उपलब्ध नव्हते.

ते साधन त्यांनीच घडवले. १८८० च्या सुमारास सिद्ध झालेल्या बोलोमीटरमध्ये काजळी दिलेल्या प्लॅटिनमच्या अतिशय पातळ पट्ट्या होत्या. एका पट्टीवर किरण पडले की ती किंचित तापे, तिचा विद्युत रोध बदले आणि तो फरक मापकाच्या काट्यावर दिसे. एका अंशाच्या लाखाव्या भागाएवढा बदलही हे यंत्र टिपू शके.

१८८१ च्या उन्हाळ्यात लँग्ली हे यंत्र घेऊन कॅलिफोर्नियातील माउंट व्हिटनीवर गेले. पायथ्याच्या लोन पाइन गावी एक आणि सुमारे १२ हजार फुटांवर दुसरे, अशी दोन ठाणी उभारून त्यांनी एकाच सूर्याचे दोन उंचींवरून वेध घेतले. वरच्या विरळ हवेत आजूबाजूला बर्फ असतानाही काचेच्या झाकणांखाली ठेवलेल्या तांब्याच्या भांड्याचे तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर गेले. सूर्यप्रकाशातील निळा भागही तेथे अधिक भरला. आपल्याला दिसणारा पिवळसर सूर्य हा हवेने गाळलेला सूर्य आहे, हे यातून स्पष्ट झाले.

पण अंतिम आकडा चुकला. वातावरणाबाहेर दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला ३ कॅलरी उष्णता येते, असे लँग्ली यांनी १८८४ मध्ये जाहीर केले. हे मूल्य प्रत्यक्षात २ कॅलरींहून किंचित कमी, म्हणजे चौरस मीटरला सुमारे १,३६१ वॅट आहे. मोजमापांत मोठा दोष नव्हता. दोन ठाण्यांच्या नोंदी जुळेनात, तेव्हा त्यांनी हिशेबात एक जादा दुरुस्ती केली आणि तीच नडली. धूळ आणि बाष्प यांनी भरलेली जमिनीलगतची हवा वरच्या हवेसारखी नसते, हे त्या दुरुस्तीत निसटले होते.

१८८७ मध्ये ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे सचिव झाले. चंद्राकडून येणाऱ्या उष्णतेची त्यांची मोजमापे पुढे स्वीडनच्या अऱ्हेनियस यांच्या कामी आली. कार्बन डायऑक्साइड वाढल्यास पृथ्वी किती तापेल, याचे १८९६ चे प्रसिद्ध गणित त्या आकड्यांच्या आधारे झाले. त्याच वर्षी ६ मे रोजी लँग्ली यांचे वाफेवर चालणारे, मानवविरहित विमान पोटोमॅक नदीवर सुमारे एक किलोमीटर उडाले. त्यानंतर सरकारने ५० हजार डॉलर दिले. मात्र माणूस बसवलेले यंत्र ७ ऑक्टोबर आणि ८ डिसेंबर १९०३ रोजी, असे दोनदा पाण्यात पडले. चालक चार्ल्स मॅनली बचावले. लँग्ली यांची मात्र वृत्तपत्रांनी यथेच्छ टिंगल केली. १७ डिसेंबरला राइट बंधू उडाले. २७ फेब्रुवारी १९०६ रोजी लँग्ली यांचे निधन झाले.

उन्हाचे काम त्यांचे सहायक चार्ल्स ॲबट यांनी पुढे नेले. गुरूची चूक त्यांनीच शोधली. ती जादा दुरुस्ती वगळली, की लँग्ली यांच्या जुन्या नोंदींतूनही उत्तर २ कॅलरींच्या आसपास येते, असे त्यांना आढळले. १९१२ मध्ये अलास्कातील काटमाई परिसरात ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हा ॲबट अल्जीरियात वेध घेत होते. हजारो किलोमीटर दूर असूनही तेथील थेट ऊन घटल्याचे त्यांच्या उपकरणांनी नोंदवले.

आजच्या हिशेबानुसार पृथ्वीकडे येणाऱ्या उन्हापैकी सुमारे ३० टक्के ढग, हवा व जमिनीवरून अवकाशात परततात, २० ते २५ टक्के वातावरण शोषते आणि उरलेले, निम्म्याहून थोडे कमी, जमीन व समुद्र शोषतात. उन्हाच्या मोजमापाच्या एका एककाला ‘लँग्ली’ हे नाव मिळाले. हवेतील धूलिकण मोजणारे सूर्यप्रकाशमापी जगभर ज्या रीतीने प्रमाणित केले जातात, तीही लँग्ली यांच्याच नावाने ओळखली जाते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतही (आयआयटीएम) असे मापी वापरले जातात. शहरांवरच्या धुरक्याने किती ऊन अडवले, गच्चीवरच्या सौरपट्ट्यांना किती मिळाले, हे सांगायचे तर आधी हवा वजा करावी लागते. ती वजाबाकी काटेकोरपणे करायला लँग्ली यांनी शिकवले, आणि त्यांच्या हातून झालेली चूकही त्याच रीतीने सापडली.